यीस्ट नको, मशीन नको: आंबट ताकातला सोडा ब्रेड

यीस्टशिवाय ब्रेड करायचा म्हटलं की बरेच जण मैद्यात बेकिंग पावडर घालून, दुधात कालवून काहीतरी भाजतात. ते केकच्या वाटेनं जातं, ब्रेडची चव येत नाही आणि प्रयत्न तिथेच थांबतो. यीस्ट नसलेल्या ब्रेडची एक पक्की, पिढ्यान् पिढ्या रोजच्या जेवणात असलेली पद्धत आहे ती आयर्लंडची. पीठ, मीठ, खाण्याचा सोडा आणि आंबट ताक, एवढे चारच जिन्नस. पीठ फुगण्याची वाट पाहायची नाही, यंत्र लागत नाही आणि कालवायला घेतल्यापासून तासाभरात ब्रेड भाजून तयार होतो.

अडचण येते ती आपल्या हाताची. पोळीची कणीक तिंबून तिंबून मऊसूत करायची हाताला सवय असते. या ब्रेडला ती सवय बाजूला ठेवावी लागते. जितकं कमी मळाल तितका तो हलका होतो. पुढचं सगळं प्रमाण आणि कृती या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून तिचं कारण आधी सांगते.

हा ब्रेड फुगतो कसा

खाण्याचा सोडा आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे शाळेत शिकलेलं इथे उपयोगी पडतं. सोडा अल्कधर्मी, दह्याताकातलं लॅक्टिक आम्ल आम्लधर्मी. दोघं ओलाव्यात एकत्र आले की त्याच क्षणी कार्बन डायऑक्साइड वायू सुटू लागतो. यीस्ट हा वायू तासन् तास हळूहळू तयार करतं. तो धरून ठेवायला पिठात चिवट जाळं लागतं, म्हणून यीस्टचा ब्रेड भरपूर मळतात. सोड्याचं काम मात्र मिनिटांत उरकतं. इथे मळून पीठ चिवट केलं तर दोन नुकसानं होतात. एक तर सुटलेले बुडबुडे हाताखाली फुटून जातात आणि दुसरं, उरलेल्या बुडबुड्यांना ते चिवट पीठ वर येऊ देत नाही. मग ब्रेड दगड होतो.

आयर्लंडमध्ये ही पद्धत रुजली याचं कारण तिथल्या गव्हात आहे. तिथल्या दमट, थंड हवेत मऊ जातीचा गहू पिकतो. त्यात प्रथिनं कमी, त्यामुळे यीस्टच्या उंच ब्रेडला तो फारसा चालत नाही, पण सोड्याला अगदी जमतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोडा तिथे स्वस्तात मिळू लागला आणि लोणी काढल्यावर उरणारं आंबट ताक घरोघरी होतंच. भट्टी मात्र फार थोड्या घरांत असे. मग बॅस्टिबल नावाच्या सपाट बुडाच्या लोखंडी भांड्यात पिठाचा गोळा ठेवायचा, भांडं विस्तवावर टांगायचं आणि झाकणावरही पीटचे, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या इंधनमातीचे, निखारे रचायचे. कोकणात काकडीचं धोंडस असंच खाली-वर निखारे ठेवून भाजतात. म्हणजे ओव्हन नसेल तरी हात आखडायचं कारण नाही; कढईतली कृती पुढे दिली आहे.

साहित्य

एका मध्यम गोल ब्रेडसाठी, साधारण दहा काप निघतील असं प्रमाण:

मैदा १५० ग्रॅम
गव्हाचं पीठ (पोळीचं) १५० ग्रॅम
खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा सपाट भरून, वर एक चिमूट
मीठ पाऊण छोटा चमचा
आंबट दही २०० ग्रॅम
पाणी ४० ते ६० मिलिलिटर
लिंबाचा रस १ छोटा चमचा

छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा; घरातल्या चहाच्या चमच्यांवर भरवसा ठेवू नका, ते प्रत्येक संचात वेगळे असतात. वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तर २४० मिलिलिटरच्या कपानं, पीठ न दाबता, मैदा सव्वा कप आणि गव्हाचं पीठ सव्वा कप धरा.

दह्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी मदार त्याच्यावर आहे. सकाळी लागलेलं गोड, घट्ट दही इथे उपयोगाचं नाही. त्यात आम्ल कमी असतं, त्यामुळे सोड्याचा काही भाग तसाच उरतो आणि ब्रेडला साबणासारखी चव येते. दही लागल्यावर आणखी आठ-दहा तास बाहेर ठेवा, थंडीत पूर्ण दिवस. जीभ किंचित आंबेल इतकं ते झालं पाहिजे. जेवणातलं पातळ ताक तर अजिबात नको, कारण त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असतं. घरी साय विरजून लोणी काढत असाल, तर पाणी घालण्यापूर्वी बाजूला काढलेलं दाट आंबट ताक मिळवा. २४० मिलिलिटर घेतलं की दही, पाणी आणि लिंबू तिन्हींची गरज उरत नाही. मूळ आयरिश ब्रेडच्या सगळ्यात जवळ जाणारी चव त्याच ताकानं येते. परदेशात राहणाऱ्यांना दुकानात मिळणारं विरजलेलं ताक तसंच वापरता येईल. तिथलं सेल्फ-रेझिंग पीठ मात्र घेऊ नका, त्यात फुगवणारे पदार्थ आधीच घातलेले असतात.

दही नसेलच तर २४० मिलिलिटर दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवावं. दूध फाटल्यासारखं दिसेल, ते तसंच वापरायचं. ब्रेड होतो, चव थोडी सपक लागते.

पिठाबद्दल: नुसत्या मैद्याचा ब्रेड जास्त फुगतो, पण चवीला कोरा लागतो. नुसत्या कणकेचा भरीव होतो आणि त्याला पाणीही जास्त लागतं, कारण चक्कीवरचं पीठ ओलावा फार ओढतं. निम्मं-निम्मं हे मला सगळ्यात जमलेलं प्रमाण वाटतं. आयरिश तपकिरी ब्रेडचा रवाळपणा हवा असेल तर कणकेतले ४० ग्रॅम कमी करून तेवढा लापशी रवा घाला. तो आधी दह्यात वीस मिनिटं भिजवला की कचकच लागत नाही.

सोडा जुना असेल तर एका वाटीत लिंबाचा रस घेऊन त्यात चिमूटभर टाकून पाहा. लगेच फसफसून वर आला तर चांगला. गुमान तळाला बसला तर नवा पुडा आणा.

आधी ओव्हन, मग पाणी

क्रम चुकवू नका. दही पिठाला लागलं की घड्याळ सुरू झालं. त्यामुळे ओव्हन पूर्ण तापलेला, ताट पीठ भुरभुरून तयार, सुरी हाताशी, आणि त्यानंतरच दही ओतायचं.

ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या घरगुती ओव्हनमध्ये, वरची-खालची दोन्ही तापणारी कांडी लावून २२० अंश सेल्सिअसला पंधरा ते वीस मिनिटं तापवा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये तो जास्तीत जास्त जिथवर जातो तिथवर, साधारण २०० ते २२० अंश. ब्रेड बुटक्या जाळीवर ठेवायचा आणि नुसता कन्व्हेक्शन मोड वापरायचा.

आता परातीत मैदा, कणीक, मीठ आणि सोडा बारीक चाळणीनं एकत्र चाळा. सोडा हवेतल्या ओलाव्यानं गुठळ्या धरतो, त्या आधी बोटांनी चिरडून घ्या. एखादी गुठळी राहिली तर कापात पिवळसर तपकिरी ठिपका दिसतो आणि दाताखाली कडू लागतो. चाळलेलं पीठ हातानं दोन-तीनदा खालीवर करा. चाळणीत राहिलेला कोंडा फेकू नका, परत पिठात टाका.

दही, ४० मिलिलिटर पाणी आणि लिंबाचा रस रवीनं एकजीव करा. पिठाच्या मध्यभागी खळगा करून हे जवळजवळ सगळं एकदम ओता. थोडं थोडं घालत बसलात तर प्रत्येक वेळी पीठ जास्त हाताळलं जातं.

हाताची पाचही बोटं ताठ आणि फाकवून ठेवा. बोटं परातीच्या तळाशी टेकवून मधून कडेकडे गोल गोल फिरवा. दाबायचं नाही, मूठ वळायची नाही, तळव्यानं रेटायचं तर मुळीच नाही. आठ-दहा वेढ्यांत पीठ ओलं होऊन त्याचे लोंबते, ओबडधोबड गोळे होतात. तळाला कोरं पीठ राहिलं तर तेवढ्यापुरता एक चमचा पाणी शिंपडा. पोळीच्या कणकेपेक्षा हे स्पष्टपणे सैल हवं, बोटांना चिकटणारं, पण परातीत पसरून वाहणारं नको. वरून ते खडबडीत दिसतं, ठिकठिकाणी कोरडं पीठ दिसतं. तरी थांबा. ते गुळगुळीत करावंसं वाटेल, हात शिवशिवतील, करू नका.

ओट्यावर सढळ मैदा भुरभुरा, त्यावर हा गोळा उपडा करा. हात धुऊन, पुसून, कोरडा मैदा लावून घ्या. गोळ्याच्या कडा दोन-तीनदा हलकेच आत सारून तो उलटवा, म्हणजे गुळगुळीत बाजू वर येईल. दोन्ही तळव्यांनी बाजूंनी थोपटून साधारण १५ सेंटिमीटर रुंद आणि मध्ये ४ सेंटिमीटर उंच असा गोल करा. ताटात ठेवा.

धारदार सुरीला पीठ लावून या कडेपासून त्या कडेपर्यंत अधिक चिन्हाच्या (+) आकाराचा छेद द्या, उंचीच्या निम्म्यापर्यंत खोल. याला देखाव्यापलीकडे मोठं काम आहे. ब्रेडचा मधला भाग सर्वांत उशिरा शिजतो, छेदातून उष्णता तिथे लवकर पोहोचते, आणि फुगताना ब्रेड भलतीकडे न तडकता तिथेच उघडतो. पूर्वी आयर्लंडच्या घरांत छेदाच्या चारही पाकळ्या सुरीच्या टोकानं टोचत. आतल्या पऱ्यांना बाहेर जायला वाट हवी, नाहीतर त्या ब्रेडला नजर लावतात, अशी समजूत होती.

दही ओतल्यापासून इथवर पाच मिनिटांच्या वर वेळ जाऊ देऊ नका.

भाजणं

२२० अंशावर पंधरा मिनिटं, मग २०० अंशावर आणखी पंचवीस मिनिटं. सुरुवातीची कडक आच महत्त्वाची, तीच बुडबुडे फुगवते आणि ते मोडायच्या आत भोवतालचं पीठ धरून ठेवते. त्या पंधरा मिनिटांत दार उघडू नका. छोट्या ओटीजीत वरची कांडी ब्रेडच्या फार जवळ असते. वीस मिनिटांनंतर वर रंग जास्त चढतोय असं दिसलं तर फॉइलचा तुकडा सैल झाका.

झाला की नाही हे बुडावरून कळतं. जाड कापड घेऊन ब्रेड उचला, उलटा करा आणि बोटाच्या पेरानं बुडावर टकटक करा. पोकळ, टणत्कारासारखा आवाज आला तर झाला. थबथब असा दबका आवाज आला तर उलटाच ठेवून अजून पाच-सात मिनिटं भाजा. अन्नाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९३ ते ९५ अंश दाखवायला हवेत.

कवच खुसखुशीत हवं असेल तर ब्रेड जाळीवर उघडा ठेवा. मऊ हवं असेल तर स्वच्छ सुती पंच्यात गुंडाळून ठेवा. आतली वाफ कवचात मुरते. म्हाताऱ्या माणसांसाठी किंवा लहान मुलांसाठी हा दुसरा प्रकारच करावा. दोन्हीत किमान अर्धा तास सुरी लावू नका. गरम कापला तर आतला भाग चिकट, कच्चा लागतो आणि काप मोडतात. सुरी दातेरी हवी आणि काप बोटभर जाड.

ओव्हन नसेल तर कढईत

जाड बुडाची मोठी लोखंडी किंवा बिडाची कढई घ्या. पातळ अॅल्युमिनियमची कढई कोरडी तापवली की वाकते. प्रेशर कुकर शिट्टी आणि रिंग काढून वापरतात, पण तो कोरडा तापवणं कुकरसाठी बरं नाही, मी तो सुचवणार नाही. कढईत तळाला एक वाटी जाडं मीठ पसरा, त्यावर उंच तिवई ठेवा, घट्ट बसणारं जड झाकण घाला आणि मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापवा.

याच वेळी शेजारच्या शेगडीवर जाड लोखंडी तवा तापत ठेवा. ब्रेडचं ताट तिवईवर ठेवलं की झाकणाऐवजी हा तापलेला तवा कढईवर ठेवायचा. वरून आच मिळायला निखाऱ्यांऐवजी एवढं पुरतं. तव्याचा आकार कढईच्या तोंडापेक्षा मोठा हवा, आणि तो हलवताना दोन पकडी लागतात, लहान मुलं जवळ नकोत. पंधरा मिनिटांनी तवा उचलून झटकन झाकण ठेवा, तवा पुन्हा तापवा, पुन्हा ठेवा. एवढा खटाटोप नको असेल तर नुसतं झाकण ठेवूनही ब्रेड शिजतो, पण वर पांढरा राहतो. मग शेवटी तो उलटा करून तव्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटं भाजायचा.

कढईसाठी गोळा थोडा बसका करा, ३ सेंटिमीटर उंच पुरे. वेळ एकूण पन्नास मिनिटांच्या आसपास, आच मध्यमहून किंचित कमी. परीक्षा तीच, बुडावर टकटक.

तव्यावरचा फार्ल

उत्तर आयर्लंडमध्ये हेच पीठ तव्यावर भाजतात आणि त्याच्या चतकोरांना फार्ल म्हणतात. घरी पहिल्यांदा करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. तव्याची आच आपल्याला हातच्या हात कळते.

मैदा २०० ग्रॅम, सोडा अर्ध्या छोट्या चमच्याहून थोडा कमी, मीठ अर्धा छोटा चमचा, आंबट दाट ताक १५० ते १६० मिलिलिटर. वरच्यासारखंच कालवा, ओट्यावर थापून वीतभर रुंद आणि अर्धा इंच जाड गोल करा, सुरीनं चार चतकोर करा. जाड तवा कोरडाच, मंद ते मध्यम आचेवर तापवा. त्यावर चिमूटभर मैदा टाका: तो सावकाश, मिनिटाभरात बदामी झाला तर तवा बरोबर तापला. पडताच काळवंडला तर आच उतरवा आणि तवा पुसून घ्या. चतकोर ठेवा, एका बाजूनं सात-आठ मिनिटं, उलटून तेवढीच. नंतर ते एकमेकांना टेकवून उभे करा आणि कापलेल्या कडाही मिनिट-मिनिटभर शेका, नाहीतर तिथे कच्चं पीठ राहतं. गरम असतानाच आडवा चिरून आत लोणी. उत्तर आयर्लंडमध्ये सकाळच्या न्याहारीला तो अंड्याबरोबर तुपाळ तव्यावर परततात.

बिघडलाच तर

आतून पिवळट आणि साबणासारखा लागला: सोडा जास्त झाला किंवा दही गोड होतं. सोडा वाढवून ब्रेड जास्त फुगेल हा समज सोडून द्यावा. ताकात आम्ल असेल तितकाच सोडा कामाला येतो. भरीव, जड झाला: मळला गेला, किंवा कालवून तसाच पडून राहिला. पसरून चपटा झाला: पाणी जास्त. बाजूनं फुटला: छेद उथळ होता.

मसाल्याचा ब्रेड करताना हळदीकडे लक्ष द्या. हळद अल्कधर्मी पदार्थाला लागली की लाल होते. चुन्यानं हळदीचं कुंकू होतं ते यामुळेच. सोडा जास्त असेल तर ब्रेडच्या कापात तांबडे डाग दिसतात. सूर्यफुलाच्या बिया घातल्या तर सोड्यामुळे त्यांच्याभोवती कधी कधी हिरवट छटा येते. ती निरुपद्रवी असते, ब्रेड खुशाल खा. आपल्याकडच्या चवीसाठी मी हळद टाळून ओवा, भरडलेली मिरी आणि बारीक चिरलेली कांद्याची पात सुचवेन. पात धुऊन अगदी कोरडी करा, नाहीतर पाण्याचं प्रमाण बिघडतं. नाचणी किंवा ज्वारीचं पीठ ३०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमपर्यंत खपतं. त्याहून जास्त घातलं तर काप धरून राहत नाहीत. गोड हवा असेल तर दोन मोठे चमचे साखर आणि मूठभर मनुका कोरड्या पिठातच मिसळायच्या.

दोन सूचना पथ्य पाळणाऱ्यांसाठी. यीस्ट नाही म्हणजे ग्लुटेन नाही असं होत नाही. यात गहूच आहे, ग्लुटेन वर्ज्य असलेल्यांना हा ब्रेड चालणार नाही. आणि सोड्यातही सोडियम असतं, त्यामुळे रक्तदाबासाठी मीठ मोजून खाणाऱ्यांनी मीठ निम्मं करावं.

यात तेलतूप नसल्यानं हा ब्रेड लवकर वाळतो. खरी लज्जत त्याच दिवशी, लोणी आणि ठेच्याबरोबर किंवा टोमॅटोच्या सारात बुडवून. मिसळीला मात्र पावच बरा, हा रश्श्यात विरघळून जातो. दुसऱ्या दिवशी काप तव्यावर शेकून घ्यावेत. त्यापुढे ठेवायचा असेल तर काप करून, हवाबंद पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तो उलट लवकर शिळा पडतो. पावसाळ्यात बाहेर दुसऱ्या रात्रीच्या पलीकडे ठेवू नये. फ्रीझरमधला काप वितळवत बसायची गरज नाही, तसाच मंद तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं शेका.